वाचक विचारतात : टीव्हीवर निर्णय झाला, मग जीआर कुठाय?

मागच्या अंकात लिहिलं होतं की मंत्रिमंडळ म्हणजे काय, ते बसतं कसं, ठरवतं कसं याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळी घेता आली नाहीत त्याबद्दल माफ करा. मी सव्वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि आमचे हे मंत्रालयात कक्ष अधिकारी होते, त्यामुळे पुस्तकातलं माझं आणि फायलीतलं त्यांचं, असं मिळून लिहितेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी बार्शी तालुक्यातला शेतकरी. टीव्हीवर खाली पट्टी आली "मंत्रिमंडळाचा मोठा निर्णय", गावच्या ग्रुपवर पण फिरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं तालुक्याला गेलो तर साहेब म्हणाले जीआर आला नाही, आला की या. पंधरा दिवसांनी गेलो तरी तेच. मग मंत्रिमंडळाने ठरवलं म्हणजे नक्की झालं काय?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतलाय कारण हाच प्रश्न मला भाजीवाल्यापासून भाचीपर्यंत सगळे विचारतात, आणि ह्याचं उत्तर समजलं की मंत्रिमंडळ अर्धं समजलं असं समजा.

मंत्रिमंडळाच्या बैठकीत विषय असा आभाळातून येत नाही. समजा कृषी विभागाला एखादी योजना आणायचीय. तर आधी त्या विभागातलं कार्यासन, म्हणजे तो विषय सांभाळणारं टेबल, प्रस्ताव तयार करतं, फाईल सचिवांपर्यंत जाते, मग पैशाचा मामला असेल (आणि तो नसतो कधी?) तर वित्त विभागाकडे, कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाकडे, आणखी कुणाच्या खात्याशी संबंध येत असेल तर त्यांच्याकडे अभिप्रायाला जाते. आमचे हे म्हणायचे की प्रस्तावाचं खरं भांडण वित्त विभागात होतं, बैठकीत नाही. हे सगळे अभिप्राय, चांगले आणि वाईट दोन्ही, जोडून मंत्रिमंडळासाठीची टिप्पणी बनते, तिच्यावर खात्याच्या मंत्र्याची सही, मग मुख्यमंत्र्यांची परवानगी, मग मुख्य सचिवांकडून ती विषयपत्रिकेवर येते. वित्त विभागाने विरोध केला असेल तर तो विरोधही त्या टिप्पणीत दिसायला पाहिजे, म्हणजे बैठकीत बसलेल्या प्रत्येक मंत्र्याला कळतं की तिजोरीवाले काय म्हणतायत. कधी कधी विषय आयत्या वेळी येतो, टिप्पणी तिथेच हातात मिळते, वाचायला वेळ नाही, आणि मला विचाराल तर जे निर्णय नंतर अंगलट येतात त्यात हे आयत्या वेळचे विषय पुष्कळ असतात.

बैठकीत मंजूर झालं की त्याचं इतिवृत्त, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, लिहिलं जातं. रीत अशी की पुढच्या बैठकीत ते कायम होतं, पण घाई असेल तर तेवढं थांबत नाहीत. आणि त्यानंतर संबंधित विभाग शासन निर्णय काढतो, म्हणजे तुमचा जीआर. टीव्हीवर जे येतं ते बैठकीनंतर दिलेलं प्रेसनोट किंवा मंत्र्यांनी बाहेर येऊन सांगितलेलं असतं. ते खोटं नसतं पण तालुक्याच्या साहेबाला त्याच्यावर एक रुपयाही खर्च करता येत नाही. का? कारण राज्यघटनेच्या कलम १६६ प्रमाणे सरकारचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. कुठलाही जीआर काढून शेवटचं पान बघा, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं लिहिलेलं असतं आणि खाली उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही. ती ओळ आल्याशिवाय तो आदेश नाही. मंत्री आमच्या गावात येऊन माईकवर बोलला तरी नाही.

आता जीआर हातात आला की तीन गोष्टी बघत जा. पात्रता कुणाची ते, अंमलबजावणी करणारा अधिकारी कोण ते, आणि लेखाशीर्ष. लेखाशीर्ष म्हणजे पैसे बजेटच्या कोणत्या खान्यातून येणार त्याचा नंबर. तो नसेल किंवा "निधी उपलब्धतेनुसार" असं मोघम काहीतरी असेल तर समजायचं की अजून वाट बघावी लागणार. बजेटमध्ये तरतूदच नसेल तर पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडून विधानसभेची मंजुरी घ्यावी लागते, तिथे मंत्रिमंडळाचं एकट्याचं काही चालत नाही. जीआरवर एक संकेतांकही असतो, तो सरकारच्या वेबसाईटवर टाकला की खरा का खोटा लगेच कळतं, ग्रुपवर फिरणारे निम्मे जीआर तिथेच उघडे पडतात.

आणि एक, जीआर म्हणजे कायदा नव्हे. आपल्या रोजगार हमीचंच बघा ना. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगावात छोटा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात सरकारने योजना म्हणून ती राज्यभर आणली, पण कायदा झाला १९७७ मध्ये आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. योजना होती तोपर्यंत सरकारने मनात आणलं असतं तर एका सहीने बंद करता आली असती, कायदा झाल्यावर काम मागणं हा मजुराचा हक्क झाला. तुमच्या बार्शीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाझर तलाव आणि नालाबांधाच्या कामावर दिवस काढलेली माणसं अजून भेटतील.

प्रश्न : मॅडम मी कोल्हापूरला एमपीएससीचा अभ्यास करतो. मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ यात फरक काय? क्लासमध्ये सांगितलं की कॅबिनेट हा शब्द घटनेत एकदाच आहे, तो पण आणीबाणीच्या कलमात. असं का?

उत्तर : बाळा, क्लासमध्ये बरोबर सांगितलंय, पण ते "का" कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं, कारण सगळी गंमत त्या का मध्ये आहे. (गंमत म्हटलं पण गोष्ट गंभीर आहे.)

फरक आधी. मंत्रिपरिषद म्हणजे सगळे, कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभारवाले राज्यमंत्री, साधे राज्यमंत्री, सगळा गोतावळा. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातले फक्त कॅबिनेट दर्जाचे, जे प्रत्यक्ष बैठकीला बसतात. ९ जून २०२४ ला केंद्रात शपथविधी झाला तेव्हा पंतप्रधान धरून ७२ जणांनी शपथ घेतली, त्यात पंतप्रधान सोडून कॅबिनेट मंत्री ३०. बाकीचे राज्यमंत्री, ते बैठकीला त्यांच्या खात्याचा विषय असेल आणि बोलावलं तर येतात. घटनेचं कलम ७४ मंत्रिपरिषदेबद्दल बोलतं, की राष्ट्रपतींना मदत आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. मूळ घटनेत मंत्रिमंडळाची व्याख्याच नव्हती, ती सगळी पद्धत इंग्लंडातून आलेली रीत म्हणून चालायची.

आता का. २५ जून १९७५ ची रात्र. इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं की देशात अंतर्गत अशांततेमुळे आणीबाणी जाहीर करायला हवी. त्या पत्रात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की हे मंत्रिमंडळापुढे न्यायला आवडलं असतं पण आज रात्री शक्य नाही, म्हणून कामकाज नियमावलीतल्या नियम १२ खाली मी नियमातून सूट घेतेय आणि उद्या सकाळी मंत्रिमंडळाला सांगेन. राष्ट्रपतींनी रात्रीच सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे मंत्र्यांना फोन गेले, सकाळी सहाला बैठक, आणि जे आधीच होऊन गेलं होतं त्याला त्यांनी मान डोलावली. म्हणजे बघ, देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय आणि ज्या मंत्रिमंडळाच्या नावाने तो झाला त्यातल्या बहुतेकांना तो झोपेतून उठवून कळला!

म्हणून १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा कलम ३५२ मध्ये मुद्दाम घातलं की राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवलेला असला पाहिजे, आणि मंत्रिमंडळ म्हणजे पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे इतर मंत्री अशी व्याख्याही तिथेच केली. एका रात्रीच्या अनुभवाने हा शब्द घटनेत आलाय. ह्याच दुरुस्तीने आणखी एक केलं, राष्ट्रपतींना मंत्रिपरिषदेचा सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो असं कलम ७४ मध्ये घातलं. दुसऱ्यांदा तोच सल्ला आला की मात्र मानावाच लागतो.

पण नियम १२ अजून आहे. मोठ्ठं उदाहरण आपल्याच राज्याचं. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, ती केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता नियम १२ वापरून, आणि सकाळी राजभवनावर शपथविधी झाला, लोक चहा पीत टीव्ही लावतायत तोवर सगळं उरकलेलं. पक्ष कुठला, कोण चूक कोण बरोबर यात मला जायचं नाही. मला एवढंच वाटतं की असा नियम पूर आला, युद्ध झालं, रात्रीत माणसं वाचवायची आहेत अशा वेळेसाठी असावा. परीक्षेत हा प्रश्न आला तर ३५२ आणि नियम १२ दोन्ही लिही, मार्क मिळतील, आणि मार्कांपेक्षा जास्त काहीतरी डोक्यात राहील.

प्रश्न : मी महाडचा. वय ७८. माझे वडील नेहमी सी. डी. देशमुखांच्या राजीनाम्याबद्दल अभिमानाने सांगायचे. पण माझा नातू म्हणतो की मंत्र्याला सरकारच्या निर्णयाविरुद्ध बोलताच येत नाही, मग ते मंत्री असताना बोलले कसे?

उत्तर : काका, तुमचा नातू पण बरोबर आणि वडील पण बरोबर. ह्याला सामुदायिक जबाबदारी म्हणतात, कलम ७५ मध्ये केंद्रासाठी आणि १६४ मध्ये राज्यासाठी लिहिलंय की मंत्रिपरिषद सगळी मिळून लोकसभेला (राज्यात विधानसभेला) जबाबदार असते. आत कितीही भांडा, टेबलावर हात आपटा, पण एकदा ठरलं की बाहेर सगळे एकाच तोंडाने बोलणार. पटत नसेल तर दार उघडं आहे, राजीनामा द्यायचा आणि मग बोलायचं. आणि सरकार पडलं तर सगळे एकदम जातात, ज्याने उत्तम काम केलं तोही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं, तेव्हा ज्या मंत्र्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता त्याचंही मंत्रिपद गेलंच ना.

देशमुखांचं तुम्हाला जास्त माहीत असणार कारण ते तुमच्या महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले आणि केंद्रात अर्थमंत्री. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली, मुंबईत लोक रस्त्यावर आले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता, तो काही महिने लांबला, आणि जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन परत तीच केंद्रशासनाची घोषणा केली. मग जुलैमध्ये देशमुख बाहेर पडले आणि लोकसभेत निवेदन केलं.

आपल्याला शाळेत एवढंच सांगतात की मुंबईसाठी राजीनामा दिला. ते खरंच आहे, पण त्या निवेदनातला दुसरा मुद्दा मला तितकाच मोठा वाटतो. त्यांचं म्हणणं होतं की मुंबईबद्दलचा हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नाही, कागद फिरवूनसुद्धा कुणाचं मत घेतलं नाही, ज्या मंत्र्यांना या प्रश्नाची आच होती त्यांना वेगळं विचारलंही नाही. नेहरूंनी सभागृहात त्याला उत्तर दिलं, पंतप्रधानाला सरकारचं धोरण जाहीर करायचा अधिकार असतो असं त्यांचं म्हणणं. कुणाचं पटतं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी तर देशमुखांच्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही. कारण सामुदायिक जबाबदारी घ्यायची तर सामुदायिक चर्चा आधी व्हायला हवी की नको? ज्या निर्णयात मला विचारलंच नाही त्याचं ओझं मी का वाहू, हा साधा घरातला न्याय आहे.

आणि देशमुख पहिले नव्हते. त्याआधी पाच वर्षं, १९५१ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं हे कारण सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांचं राजीनाम्याचं निवेदन मुळातून वाचा, त्यात मंत्रिमंडळाच्या कारभारावर फार नेमकी टीका आहे. परराष्ट्र आणि संरक्षण ह्यासारख्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतलं नाही, खरे निर्णय समित्यांमध्ये होतात आणि मंत्रिमंडळ म्हणजे त्या निर्णयांची नोंद करणारं ऑफिस झालंय, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचा अध्यक्ष माणूस, दुसऱ्याच वर्षी सांगतोय की खोली तीच आहे पण निर्णय दुसऱ्या खोलीत होतायत.

समित्या वाईट असं नाही हं. तीस माणसांनी प्रत्येक पुलाच्या टेंडरवर बोलायचं म्हटलं तर देश चालणार नाही. आजही केंद्रात सुरक्षेची समिती आहे, त्यात पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, परराष्ट्र, अर्थ ही चार खाती, आर्थिक बाबींची वेगळी समिती आहे, नेमणुकांच्या समितीत तर फक्त पंतप्रधान आणि गृहमंत्री. प्रश्न एवढाच की समितीत जे ठरतं त्यावर बाकीच्यांना बोलायची जागा उरते का.

तुमच्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं ते नातवाला तसंच सांगा, पण ही दुसरी बाजूही सांगा. आणि जमलं तर त्याला एकदा नाते गावाला घेऊन जा, जवळच आहे तुम्हाला.

प्रश्न : फोंड्याहून लिहितेय. आमच्या गोव्यात ४० आमदार आणि मंत्री १२, महाराष्ट्रात २८८ आमदार आणि मंत्री ४२-४३. आमच्याकडे जवळजवळ तिसरा आमदार मंत्री! हा कसला हिशोब?

उत्तर : ताई, हिशोब २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीचा. त्याआधी मर्यादाच नव्हती, १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याण सिंग यांच्या सरकारात ९३ मंत्री होते, आघाडी टिकवायला ज्याला त्याला लाल दिवा. म्हणून ठरलं की मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नको. महाराष्ट्राचे २८८ चे १५ टक्के ४३. गोव्याचे ४० चे १५ टक्के फक्त ६ होतात, पण सहा माणसांत सगळी खाती कशी चालवणार, म्हणून किमान १२ ची सवलत ठेवली. लहान राज्यांना ती लागते हे खरं, पण त्यामुळे तुमच्याकडे सत्ताधारी बाजूचा जवळपास निम्मा आमदार मंत्री असतो आणि उरलेला निम्मा वाट बघत असतो, आणि गोव्यातली सरकारं किती वेळा डळमळली ते तुम्हाला मी सांगायला नको.

ह्या १२ वरून महाराष्ट्रातही वाद झाला होता. ३० जून २०२२ पासून ९ ऑगस्टपर्यंत राज्यात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असं दोघांचंच मंत्रिमंडळ होतं. कलम १६४ किमान १२ म्हणतं, पण शपथविधीनंतर किती दिवसांत ते भरायचे याची मुदत तिथे लिहिलेली नाही. मला वाटतं लिहायला हवी होती. दोन माणसांच्या बैठकीत विरोधी मत मांडणार कोण?

प्रश्न : उपमुख्यमंत्री हे पद घटनेत आहे का? (सातारा)

उत्तर : नाही. कायद्याने तो इतरांसारखाच मंत्री, अधिकार त्याच्या खात्यांपुरते. १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना स्वतःहून "उपपंतप्रधान" म्हटलं, राष्ट्रपती वेंकटरामन यांनी "मंत्री" म्हणून दुरुस्ती सांगितली तरी ते परत तेच म्हणाले! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की हा नुसता वर्णनाचा शब्द आहे, शपथ वैध. महाराष्ट्रात पहिले उपमुख्यमंत्री नासिकराव तिरपुडे, १९७८, वसंतदादांच्या सरकारात. आघाडीत दुसऱ्या पक्षाचा मान राखायला हे पद फार उपयोगी पडतं, बाकी काही नाही. पालकमंत्री हे पदही घटनेत नाही, पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं म्हणून त्याच्यासाठी एवढी ओढाताण होते.

प्रश्न : निवडून न येता मुख्यमंत्री कसं होता येतं? आमच्या नागपूरच्या कट्ट्यावर ह्यावरून जोरदार वाद झालाय.

उत्तर : सहा महिने चालतं, कलम १६४(४). उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते, मे २०२० च्या शेवटापर्यंत आमदार होणं भाग होतं, आणि मध्ये कोरोना आला, विधान परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली. मंत्रिमंडळाने राज्यपालांना शिफारस केली की त्यांना राज्यपालनियुक्त जागेवर घ्या, ती बैठक मुख्यमंत्र्यांनी नाही तर उपमुख्यमंत्र्यांनी चालवली कारण विषय स्वतःचाच होता. राज्यपालांनी नेमलं नाही, शेवटी निवडणूक आयोगाने निवडणूक घेतली आणि ते बिनविरोध आले. आणि कुणी म्हणेल सहा महिने संपायच्या आधी राजीनामा देऊन परत शपथ घेऊ, तर ते चालत नाही. पंजाबच्या एका मंत्र्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच ते दार बंद केलंय, त्याच विधानसभेच्या काळात निवडून आल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. कट्ट्यावर सांगा.

प्रश्न : मी म्युनिकला असते, आठ वर्षं झाली. इथेही राष्ट्राध्यक्ष आणि चान्सलर असे दोघं आहेत, आपल्यासारखंच वाटतं. खरंच सारखं आहे का?

उत्तर : बरंचसं. जर्मनी पण संसदीय प्रजासत्ताक, राष्ट्राध्यक्ष मानाचा, कारभार चान्सलर आणि मंत्र्यांचा, दर बुधवारी सकाळी त्यांची बैठक असते. पण दोन फरक मला फार आवडतात.

एक म्हणजे तिथे चान्सलरला संसद आधी मत देऊन निवडते, मग नेमणूक. आपल्याकडे आधी शपथ, मग बहुमत सिद्ध करा. ६ मे २०२५ ला फ्रीडरिख मेर्त्स पहिल्या फेरीत पडलेच, ३१६ मतं हवी होती आणि ३१० मिळाली, त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळाली तेव्हा झाले. (योगायोग असा की त्याच दिवशी आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक मंत्रालय सोडून चौंडीला झाली होती, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त. बैठक कुठेही घेता येते, खोलीला महत्त्व नाही.)

दुसरं म्हणजे सरकार नुसतं पाडता येत नाही. तिथल्या घटनेचं कलम ६७ म्हणतं की चान्सलरला घालवायचं तर त्याच मतदानात नवा चान्सलर निवडा. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या प्रजासत्ताकात सरकारं पाडायला सगळे एक व्हायचे आणि चालवायला कुणी नाही, त्याची परिणती कशात झाली ते जगाने पाहिलं, त्या धड्यातून हे कलम आलंय. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्ध हा प्रयोग दोन मतांनी फसला, १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते ह्याच मार्गाने. आपल्याकडे १९९९ ला असं कलम असतं तर? एका मताने पाडणाऱ्या २७० जणांना तिथल्या तिथे एका नावावर एकत्र यावं लागलं असतं, आणि ते काही जमलेलं नव्हतं, शेवटी निवडणूकच लागली. मला वाटतं आपल्याकडे निदान लहान राज्यांसाठी तरी ह्याचा विचार व्हावा. फोंड्याच्या ताईंनी हे वाचलं तर काय वाटतं ते कळवा.

आणखी एक, तिथे मंत्री खासदार असलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे सहा महिन्यांत व्हावंच लागतं.

प्रश्न : मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोण काय बोललं हे सामान्य माणसाला मागता येतं का? माहिती अधिकारात मी अर्ज केला तर "गोपनीय" असं उत्तर आलं. (परभणी)

उत्तर : कोण काय बोललं ते नाही मिळणार, आणि माझ्या मते ते बरोबरही आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा घेतो ना, त्यातली दुसरी ह्याचसाठी. आत मोकळं बोलता आलं पाहिजे, उद्या पेपरात नाव येईल ह्या भीतीने कुणी विरोधच केला नाही तर बैठकीचा उपयोग काय. राज्यपालांना मंत्र्यांनी काय सल्ला दिला याची चौकशी कोर्टालाही करता येत नाही, कलम १६३ मध्ये तसं स्पष्ट आहे.

पण "गोपनीय" एवढा एक शब्द टाकून तुम्हाला परत पाठवलं हे चुकीचं आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ८(१)(झ) शेवटपर्यंत वाचा, काही छापील प्रतींत अक्षर वेगळं दिसेल पण मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांचं कलम तेच. पहिल्या ओळीत चर्चेचे कागद देऊ नयेत असं आहे, आणि लगेच खाली परंतुक (म्हणजे "पण" म्हणून जोडलेली अट) आहे की निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीच्या आधारे निर्णय घेतला ती, निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर जाहीर करावी लागते. (दुसऱ्या एखाद्या अपवादात ती माहिती बसत असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणजे वित्त विभागाने काय अभिप्राय दिला होता, किती खर्च धरला होता, हे मागायचा रस्ता तुम्हाला आहे.

तेव्हा अर्ज पुन्हा एकदा करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि "चर्चा" हा शब्द अजिबात वापरू नका. त्याऐवजी लिहा की अमुक तारखेच्या शासन निर्णयाला आधार असलेली मंत्रिमंडळ टिप्पणी, वित्त विभागाचा अभिप्राय आणि निर्णयाची कारणं यांच्या प्रती द्याव्यात, आणि त्या परंतुकाचा उल्लेख करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा परत तसंच आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जा, तीस दिवसांच्या आत. बार्शीच्या दादांनीही हेच करावं, फक्त जीआर निघायची वाट बघून.